कोळसा जळतोय!

रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की ते आधी दारात थांबत आणि चपला काढत. मग देवळात शिरावं तसे आत येऊन पंख्याच्या बरोबर खाली उभे राहत, मान वर करत आणि म्हणत, "दमलास ना रे? खाली कोणी बसलंय का? कोणी नाही. आणि तू आपला फिरतोयस." मग बटण बंद होई. पंखा घरघरत थांबेपर्यंत ते तिथेच उभे राहत, आजारी माणसाचा डोळा लागेपर्यंत आपण थांबतो ना, तसे. आणि मग बाहेर येऊन अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकत, "कोळसा जळतोय!"

नवा माणूस आग विझवायला धावे. मी स्वतः धावलो होतो. नोकरीच्या पहिल्याच दिवशी, पाण्याचा तांब्या घेऊन. काकांनी तांब्या माझ्या हातातून घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आभारी आहे, भाऊसाहेब. आता तुमच्या टेबलावरचा पंखा बंद करून या. तुम्ही इथं आहात, तो तिथं एकटाच आहे."

ही गोष्ट पनवेलची, एकोणीसशे नव्वदच्या आगेमागेची. मी नगरपालिकेत आवक-जावकच्या टेबलावर होतो आणि ते तिथले वायरमन. हुद्द्यानं वायरमन, पण मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्येही न विचारता शिरत, खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला करत आणि ट्यूब बंद करत. "सूर्य फुकट आलाय साहेब, त्याला आत तरी घ्या." साहेब बिचारे डोळे किलकिले करून म्हणत, "घ्या."

सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्यांना ते कुठे लिहिलेलं आवडत नसे. घराच्या दारावरही पाटी नव्हती. पाटी लावली की तिच्यावर दिवा लावावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

बुटकी मूर्ती, जाड पांढऱ्या भुवया, खाकी शर्ट. इतरांच्या खिशाला पेन असतं, तसा यांच्या खिशाला टेस्टर. नगरपालिकेच्या जेवढ्या म्हणून इमारती होत्या, म्हणजे आमचं ऑफिस, दवाखाना, वाचनालय, शाळा, त्या सगळ्यांतून ते दिवसातून एकदा सायकलवरून फेरी मारत. बिघडलेलं दुरुस्त करायला नव्हे. चालू असलेलं बंद करायला.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की ती गोष्ट मी त्यांच्या आवाजात करून दाखवतो. त्यांना एकदा विदर्भातल्या एका वीजकेंद्रावर ट्रेनिंगला पाठवलं होतं. "मालगाडी येते, भाऊसाहेब, मालगाडी! डोळ्यांत मावत नाही एवढी. सगळी कोळशानं भरलेली. आणि ती रिकामी होईतो मागे दुसरी उभी. मी म्हटलं, एवढं खातं कोण? तर म्हणे, तुम्हीच." एवढं बोलून ते थांबत आणि मग आवाज खाली आणत. "मी राहायचो त्या घरमालकिणीच्या अंगणात तुळस होती. काळी. रोज सकाळी ती बाई आधी तुळशीची पानं धुवायची आणि मग पाणी घालायची. मी विचारलं, बाई, ही राख कुठली? ती म्हणाली, तुमच्याकडच्या दिव्यांची."

आता मोठी माणसं याला कार्बन म्हणतात. त्यावर परिषदा भरवतात, आणि त्या परिषदांच्या हॉलमध्ये इतका गारठा असतो की बायका शाली घेऊन जातात. काकांना कार्बन वगैरे माहीत नव्हता. त्यांना ती तुळस दिसायची.

त्यापायी त्यांनी आमचे जे हाल केले, ते ऐका. आमच्या मोठ्या खोलीत एका बटणावर नऊ ट्यूब लागत. जन्म-मृत्यूच्या टेबलावर एकटा माणूस बसला, तरी नऊच्या नऊ. काकांनी एका रविवारी येऊन प्रत्येक ट्यूब सुटी केली आणि प्रत्येक टेबलावर एकेक दोरी सोडली. आपली दोरी ओढायची, आपला उजेड घ्यायचा. सोमवारी हेडक्लार्क आले, लोंबणाऱ्या नऊ दोऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, "घंटा कुठायत? म्हणजे आरती सुरू करू."

याच हेडक्लार्कांवर पुढे एक प्रसंग गुदरला. ते संडासात असताना काकांनी बाहेरून दिवा बंद केला.

"अहो! अहो, मी आहे आत!"

"मला कसं कळणार? दार तर वाऱ्यानंही लागतं."

"मग काय करू? पाटी लावू?"

"गाणं म्हणा."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात तो रिवाजच पडला. हेडक्लार्क अभंग म्हणत, टायपिस्ट मुलगी पाढे म्हणे, आणि टॅक्स खात्यातला एक लाजरा माणूस नुसतंच "आहे, आहे, आहे" म्हणत राही. कामासाठी आलेला एक इसम ते ऐकून मला म्हणाला होता, "तुमच्याकडे भजनी मंडळ आहे वाटतं."

आता गंमत पाहा. हा सहा दिवसांचा छळ शनिवारी बंद. पूर्ण बंद.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या गावात त्यांची मोजकीच घरं उरली होती, बाकीचे एकेक करून इस्रायलला गेलेले. मराठी आमच्याहून चोख, जेवणात नारळाचा रस आमच्याहून जास्त, पण शनिवार म्हणजे शनिवार. "आमचे आजोबा तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, बैलही मोकळा. गाव आम्हाला शनवारतेलीच म्हणायचं. त्या दिवशी आग पेटवायची नाही, विझवायची नाही. बटण म्हणजे आगच." आणि हळूच पुढे, "दुसऱ्याला बटण दाब म्हणून सांगायचंही नाही." म्हणून इतरांसारखी रविवारची सुट्टी न घेता ते शनिवारची घेत आणि रविवारी एकटे येऊन दुरुस्त्या करत.

शनिवारी आमची दिवाळी. नऊही दोऱ्या ओढलेल्या. पंखे गरगर. संडासात शांतता.

एका शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो, तर भर उन्हात ओसरीवर बल्ब जळत होता. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी दारातूनच आरोळी ठोकली, "कोळसा जळतोय!"

काकी आतून हसत आल्या. "शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत लावलेला असतो हो. आता आज संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत, म्हणजे आमचा शनिवार सुटेपर्यंत, तो असाच."

काका खुर्चीत बसले होते. पांढरा झब्बा, टोपी. चेहरा चोरी पकडल्यासारखा. "सहा दिवस मी कोणाला सोडत नाही," ते म्हणाले, "सातव्या दिवशी तो मला सोडत नाही. त्या बल्बकडे बघत दिवसभर बसायचं. हीच माझी शिक्षा समजा." मग म्हणाले, "पण छान दिसतो ना हो? एरवी मी कधी दिव्याकडे बघतच नाही."

त्याच दिवशी काकींनी सांगितलं की मुलानं तिकडून कागदपत्रं पाठवली आहेत. पावसाळा संपला की निघायचं. त्या कपाटं आवरायला लागल्या होत्या. काका मात्र विषय निघाला की उठून पाणी प्यायला जात.

आणि नेमका त्याच सुमाराला आमच्या सभागृहाला एसी बसवायचा विषय निघाला.

आमचं सभागृह वरच्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखाली. मे महिन्यात तिथं सभा म्हणजे सदस्य पापडासारखे भाजून निघत. एक सदस्य तर इतके घामट की त्यांचा रुमाल हेच आमचं थर्मामीटर होतं. त्यांनी रुमाल एकदा पिळला की विषय तातडीनं मंजूर होत, दुसऱ्यांदा पिळला की सभा तहकूब. तेव्हा चार एसी बसवावेत, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दोन्हीकडच्या खिडक्या प्लायवूड ठोकून कायमच्या बंद कराव्यात, असं ठरत आलं होतं.

ते ऐकून काका प्लायवूड आपल्याच छातीवर ठोकतायत असे पांढरे पडले. माझ्यासमोर ते नगराध्यक्षांकडे गेले.

"साहेब, मला एक उन्हाळा द्या."

"म्हणजे काय करू?"

"काही करू नका. तेच मागतोय. मेमधली सभा होऊ द्या. सदस्यांना उकडलं, तर एसी मी स्वतः बसवतो."

अध्यक्ष भला माणूस. ते म्हणाले, "दिला. पण काका, तुम्ही तर मुलाकडे चाललात ना? मग हे कशाला?"

काका म्हणाले, "त्या खिडक्या ठोकलेल्या बघून मला विमानात बसता येणार नाही."

मग काय विचारता! एप्रिलभर आमच्या इमारतीवर प्रयोग चालले. पहिल्यांदा स्लॅबला चुना. चुन्यात डिंक घालून तीन हात. त्या कामाला जवळच्या ओवे गावची एक बाई होती, जिभेनं तिखट. ती वरून ओरडली, "काका, आमी घराच्या भिंतींना चुना देतो, तुमी छपराला देता! छप्पर काय नवरी हाय?"

"नवरीच आहे," काका खालून ओरडले. "ऊन बघायला आलंय. गोरी दिसली पाहिजे, म्हणजे ऊन लाजून मागे फिरेल."

"नाय फिरणार वो! ऊन लई चावट हाय."

पण फिरलं. चुना वाळल्यावर काकांनी मला वर नेऊन आधी शेजारच्या जुन्या स्लॅबवर अनवाणी उभं केलं. मी किंचाळलो. मग चुन्यावर उभं केलं. मी उभा राहिलो. काकांनी माझ्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं काही मीच परीक्षेत पास झालो.

दुसरं काम खिडक्यांचं. सभागृहाच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. वर्षानुवर्षं शिपाई सकाळी येऊन सगळ्या खिडक्या उघडायचा आणि संध्याकाळी सगळ्या लावायचा. काकांनी मला भिंतीशी उभं केलं आणि शाळेत शिकवतात तसं शिकवलं. "सकाळी वारं डोंगरावरून येतं. डोंगराकडच्या उघडा. अकराला ते तापतं. मग सगळ्या बंद, हॉल झाकून ठेवायचा, डबा झाकतात तसा. दोनला खाडीवरचं वारं सुटतं. तेव्हा खाडीकडच्या उघडा, वाळ्याचे पडदे भिजवून सोडा, आणि समोरचे झरोके वर ओढा, म्हणजे गरम हवेला बाहेर जायला वाट मिळेल. अकरा आणि दोन. लक्षात राहील?"

"मला कशाला लक्षात ठेवायला हवं?" मी विचारलं.

काका झरोक्याच्या दोरीला गाठ मारत राहिले.

सगळं जमत आलं आणि सभेची नोटीस निघाली. मीच ती जावक रजिस्टरला चढवली. चढवताना वार पाहिला आणि माझा हात तिथेच थांबला. शनिवार. दुपारी तीन.

मी धावत काकांकडे गेलो. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "मी येईन. चालत येईन आणि नुसता बसेन." तारीख बदलून घ्या, असं मी सुचवलं, तर म्हणाले, "माझा वार मी पाळायचा. गावानं का पाळावा?"

त्या शनिवारी मी अकराला खिडक्या बंद करून जेवायला गेलो आणि दोनला यायचा तो पावणेतीनला आलो. काय पाहिलं म्हणून सांगू! हेडक्लार्कांनी, अगदी मनापासून, मोठ्या सभेला शोभेल असा हॉल सजवून ठेवला होता. आमच्याकडे सभेचा मान म्हणजे झगमगाट. हॉलमधल्या सगळ्या ट्यूब, खाडीकडच्या बंद खिडक्यांवर मंडपवाल्याचे लाल मखमली पडदे, आणि व्हिडिओ शूटिंगवाल्याचे दोन भलेमोठे हॅलोजन दिवे व्यासपीठावर रोखलेले. डबा झाकून ठेवला होता खरा, पण खाली चूल पेटवून. घामट सदस्य पहिल्या रांगेत बसून रुमालाची घडी उलगडत होते.

आणि शेवटच्या बाकावर काका, पांढऱ्या झब्ब्यात, हात मांडीवर. बटणांचा बोर्ड त्यांच्या खांद्यापासून वीतभर. हात लावता येत नाही, बंद कर म्हणून सांगता येत नाही. त्यांच्या भुवया थरथरत होत्या.

मी जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता, समोर बघत विचारलं, "भाऊसाहेब, खाडीवरचं वारं सुटलं असेल ना आता?"

"सुटलं असेल."

"बिचारं बाहेरच उभं असेल."

मी तसा मंद, पण एवढाही नाही. मखमल गोळा केली आणि हेडक्लार्कांच्या हातात दिली. खिडक्या उघडल्या, वाळ्यावर बादलीभर पाणी मारलं, झरोक्यांच्या दोऱ्या ओढल्या. परत काकांजवळ येऊन उभा राहिलो.

"आज दुपारीच चांदणं पडलंय," काका ट्यूबांकडे बघत म्हणाले.

मी बोर्डवरची बटणं एकेक करून बंद केली.

"त्या फोटोवाल्याच्या दिव्यांखाली अध्यक्षांचं अंडं उकडेल."

मी शूटिंगवाल्याला विनंती केली. तो म्हणाला, "लाइट बंद केला तर साहेब काळे येतील." मी परत फिरलो आणि फिरताना माझा पाय त्याच्या वायरीत अडकला. कसा अडकला, ते मला आजतागायत सांगता येत नाही. दोन्ही हॅलोजन विझले, प्लग असा वाकला की पुन्हा बसेना. शूटिंगवाला आपल्या भाषेत बरंच बोलला. काका छताकडे बघत होते, पण टोपी हलत होती. आतून हसत होते.

सभा सुरू झाली. पहिला विषय, दुसरा, तिसरा. वाळ्याचा वास हळूहळू हॉलभर पसरला. मी घामट सदस्यांच्या रुमालावरून नजर काढत नव्हतो. रुमाल गुडघ्यावर. मग रुमाल खिशात. आणि सातवा विषय, म्हणजे एसीचा, पुकारला गेला तेव्हा त्यांचा सूचना मांडायचा मान होता. पण सदस्य उठेनात. मान एका बाजूला, ओठ किंचित उघडे, आणि तोंडातून एक लांब, समाधानी घोरणं.

अध्यक्षांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "उकडत असतं," ते म्हणाले, "तर माणूस असा झोपला नसता. विषय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तहकूब." टाळ्या पडल्या. त्या आवाजानं सदस्य जागे झाले आणि त्यांनीही वाजवल्या.

मग अध्यक्षांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "पण काका, हे अकरा नि दोनचं रोज करणार कोण? तुम्ही चाललात. खिडक्या काही आपोआप उघडत नाहीत. कोणी करणार नसेल, तर पुढच्या वर्षी एसी येणारच."

प्लायवूड टळलं होतं ते एका वर्षापुरतं, आणि काकांच्या विमानाला तर वर्षही नव्हतं. आणि माझा हात वर गेला. पाय वायरीत कसा अडकला ते जसं सांगता येत नाही, तसंच हे. सकाळी साडेदहाच्या आत ऑफिसला कधी न पोचलेला माणूस मी! हेडक्लार्क म्हणाले, "हात खाली घे, तुला झेपणार नाही." मी तो खाली घ्यायच्या आत काका उठून उभे राहिले होते. म्हणाले, "झेपेल. मी शिकवलंय."

पावसाळा संपला. निघायच्या आधी त्यांनी घरी मलिदा केला. गूळ-खोबऱ्यात भिजवलेले पोहे, फळं, प्रार्थना. निघायच्या आदल्या दिवशी सायकलवरून सगळ्या इमारतींची शेवटची फेरी मारली. मी मागे कॅरिअरवर. दवाखान्यात एक पंखा रिकाम्या खाटेवर फिरत होता. काका दारात थांबले, चपला काढल्या. मग मला पुढे ढकललं. "तुम्ही."

मी खाली उभा राहिलो. मान वर केली. "दमलास ना रे?" मी म्हणालो. बटण दाबलं. पंखा थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथं उभे होतो.

जाताना खिशाचा टेस्टर त्यांनी माझ्या खिशाला लावला. मला त्यानं साधा स्क्रूही फिरवता येत नाही. तरी निवृत्त होईपर्यंत तो माझ्या खिशाला होता.

तिकडून पत्रं येत. गोल, टपोरं मराठी अक्षर. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, "इथं शनिवारी सगळं गावच बटणाला हात लावत नाही. मग माझं वेगळं काय उरलं? सूचक बोलायचं तरी कोणाला?" आणि शेवटी, तब्येतीची चौकशी वगैरे सोडून, "दोनलाच उघडता ना? आळस करू नका." मी उलट टपाली लिहीत असे, "दोनलाच." काही दिवशी ते सव्वादोन असे. तेवढं मी लपवलं. एसीचा विषय दर उन्हाळ्यात निघे आणि दर उन्हाळ्यात तहकूब होई. हळूहळू तोही एक रिवाज झाला.

काही वर्षांनी एक पत्र आलं. अक्षर काकींचं होतं. "हे गेले. शनिवारी दुपारी, झोपेत. खोलीतला दिवा शुक्रवारपासून चालू होता. उजेडात गेले. कोणी बंद केला नाही."

मी पत्र घडी करून टेस्टरच्या शेजारी ठेवलं. तो शुक्रवार होता. दुपारी दोनला खाडीकडच्या खिडक्या उघडल्या. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या लावल्या आणि हॉलच्या दारावरचा छोटा बल्ब, जो मी कधीही लावत नसे, तो सूर्य मावळायच्या आत लावून घरी गेलो.

शनिवारी सकाळी नवा वायरमन व्हरांड्यात ओरडत होता, "हा कोणी चालू ठेवला? कोण विसरलं?" चांगला मुलगा, काकांच्या दोऱ्या त्यानंच पुढे सांभाळल्या. बंद करायला त्यानं हात पुढे केला, तर मी म्हणालो, "राहू दे. आजच्या दिवस राहू दे." माझ्या तोंडाकडे बघून त्यानं हात मागे घेतला. तो बल्ब दिवसभर जळला. नगरपालिकेची तेवढी वीज मी उधळली, हे आज कबूल करतो.

संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. चुना त्या वर्षीही दिला होता. हात लावून पाहिला, गार लागला. डोंगराच्या बाजूला एक तारा दिसला. मग दुसरा. तिसऱ्यानं बराच वेळ घेतला. तो दिसल्यावर खाली आलो, चपला काढल्या आणि बटणावर हात ठेवला. हॉलमध्ये कोणी नव्हतं, तरी ‘कोळसा जळतोय’ हे मी मोठ्यानं म्हणालो नाही. काकांना ऐकू जाईल एवढंच म्हणालो.